सातविणीची साल आणि मलेरिया

प्रश्न: आमच्या सोसायटीबाहेर सातवीण आहे, सासूबाई म्हणतात तिच्या सालीचा काढा हिवतापावर चालतो, मग कंपन्या यातून गोळी का काढत नाहीत? (वाचक, कोथरूड)

उत्तर: ताई, सासूबाई काही चुकीचं सांगत नाहीयेत, सातविणीची साल तापावर पूर्वापार वापरतात (फुलांच्या वासाने अर्ध्या पुण्याचं डोकं धरतं ते वेगळं). पण परंपरेने नुसतं झाड दाखवलं म्हणजे औषध तयार होत नाही. चीनच्या औषध-शास्त्रज्ञ तू योयो यांचंच बघा ना, दवण्याच्या कुळातल्या एका झुडपाचा अर्क उंदरांवर कधी चालायचा, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात सापडलं की मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळून प्यावा, उकळायचं नावच नाही! म्हणजे उष्णतेने गुण जात असणार, म्हणून त्यांनी अर्क काढायला ३५ अंशालाच उकळणारं ईथर वापरलं आणि १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं द्रव्य वेगळं काढलं, २०१५ ला नोबेल. पुढे आपल्या लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने त्यातूनच मलेरियावर आर्टिथरचं इंजेक्शन केलं. सातविणीची साल आयुष-६४ या आयुर्वेदिक गोळीत इतर वनस्पतींबरोबर असते, पण तिच्यातून असा एकच घटक वेगळा काढून केलेलं मलेरियाचं मान्यताप्राप्त औषध अजून तरी निघालेलं नाही. काढ्यात डोस किती गेला हे कळतच नाही, त्यामुळे थंडी वाजून ताप आला तर आधी रक्त तपासून घ्या, साल राहू दे झाडालाच.