सकाळचा आकडा

बेटा,

"रोज फोन करून सांगण्यासारखं काही घडतच नाही," हे तुझं वाक्य वाचून रागच आला. घडतं की! रोज सकाळी, वजनकाट्यावर. तो आकडा कोणाला तरी सांग.

तुझ्यासारखं हृदयाचं पंपिंग कमी असलं की अंगात पाणी गुपचूप साठतं. घरात माणसं असली तर कोणीतरी म्हणतं, "पाय सुजलेत का रे?" नागपुरात धरमपेठेतल्या तुझ्या त्या खोलीत असं म्हणणारं कोणी नाही. आणि दम लागतोय हे आपलं आपल्याला लवकर उमगत नाही. माणूस चालणंच कमी करतो. म्हणून काटा. उठल्यावर लघवीला जाऊन, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत. काटा फरशीवर, चटईवर नको. एका दिवसात किलोभर किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. वही ठेवतोस, ठाऊक आहे. पण लिहिणारा तू, वाचणारा तू आणि "उद्या बघू" म्हणणाराही तूच! घरमालकीण काकूंना रोज आकडा सांग. दुसरी किल्ली त्यांच्याकडे दे. आठपर्यंत आकडा आला नाही, तर त्यांनी दार वाजवायचं.

आता नवतपा येईल, मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस. पारा 45 ला टेकला की घाम आणि लघवीची गोळी मिळून उलटंही होतं: वजन झपकन उतरतं, उभं राहताच अंधारी येते. तेव्हाही फोन. गोळी मनाने बंद करायची नाही. दिवसाला दीड लिटर पाण्याचं बंधन आहे ना? सकाळी तेवढं पाणी बाटल्यांत भर; कपभर चहा घेतलास की कपभर पाणी ओतून दे. ताक, वरणही त्यातच. कूलर अर्ध्या अर्ध्या बादलीनेच भर, जड उचलू नको.

खानावळीच्या डब्यातलं लोणचं, पापड बाजूला काढ. गॅससाठी घेतात ती फसफसणारी पूडसुद्धा मिठासारखी सोडियमच. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, त्या पाणी धरून ठेवतात.

एका उशीवर झोपणाऱ्याला तीन लागायला लागल्या, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन. झोपेतून दम लागून उठून बसलास आणि बसूनही दम जात नसेल, तर 108. दम कोविडचा की हृदयाचा, हे तू ठरवू नको. दवाखान्यात लागण होईल म्हणून घरी बसणं तर मुळीच नको.

माझा हा हट्ट जाच वाटेल. वाटू दे. डिस्चार्जच्या कागदावर "रोज वजन करा" असतं, "कोणाला तरी सांगा" नसतं. ते मीच तुला आधी ठणकावायला हवं होतं. शिवाय आकडा सांगून झाला की भाजी काय केली, झोप लागली का, हे निघतंच. नुसतं "बोल काहीतरी" म्हटलं की तू गप्प होतोस.

उद्या आठला मलाही पाठव. "बरा आहे" नको, किलो लिही.