पिल्लासाठी रडू येतं, आईसाठी का नाही?

"मॅडम, मी दगड झाले का?" जळगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. घरातलं माणूस गेलं तेव्हा डोळ्यांत टिपूस नाही, आणि विहिरीत पडलेलं कुत्र्याचं पिल्लू दोरीने वर काढतानाचा व्हिडिओ बघून हुंदका आवरत नाही. मग स्वतःचीच लाज वाटते.

त्यातली एक कहाणी, ओळखीच्या खुणा बदलून. यावलकडच्या केळीवाल्या घरातल्या ताई, पंचेचाळिशीच्या. भाऊ नाही, म्हणून आई त्यांच्याकडेच. शेवटची तीन वर्षं ती अंथरुणावर होती. ती गेल्यावर द्वारदर्शनाला, म्हणजे सांत्वनाला, आलेल्या बाया गळ्यात पडून रडल्या आणि ताई चहाचे कप मोजत राहिल्या. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक फिटेपर्यंत, कुजबूज सुरू झाली होती : हिला सुटल्यासारखं झालं असेल.

"झालं होतं का तसं?" मी विचारलं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "हो."

एवढं कबूल करायला आम्हाला तीन भेटी लागल्या. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली. 'रडायलाच हवं होतं' यातला हट्टाचा 'च' मी आधी पकडते. तोही पकडला. सुटका वाटणं आणि माया असणं एकाच काळजात मावतं, हे त्यांना पटलं, झोप सुधारली. पिल्लाचा व्हिडिओ बघून रडणं मात्र रोज रात्री चालूच.

पिल्लात त्यांना आई दिसत असणार, अशी माझी खात्री होती. चौथ्या भेटीत म्हटलं, "चला, सोबत बघू."

टेबलावर मोबाइल ठेवला. पिल्लू पाण्यात धडपडत होतं, ताई शांत. माणूस दोरीने उतरला, पिल्लू पाटीत घातलं, काठावर आलं, टाळ्या झाल्या. तरी ताई शांतच. मग एका पोराने खांद्यावरचा गमछा काढला आणि पिल्लाचे कान पुसायला लागला. त्या क्षणी ताईंचा बांध फुटला.

मी तिथेच व्हिडिओ थांबवला. "हे पिल्लू कोण?"

"मी," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मायला पुसलं, मॅडम. पाठ, काखा, बोटांच्या बेचक्या. मला कोणी टॉवेल तरी दिला का?"

मी काही बोलले नाही. वीस वर्षांत एवढं शिकले, आणि त्याचा थोडा अभिमानही आहे. माझी खात्री चुकली होती, हे बरंच झालं. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते, रडू नेमकं कुठल्या क्षणाला येतं? पडताना, वर निघताना, की कोणी जवळ घेतल्यावर? उत्तर बहुधा तिथेच असतं.

पिल्लाशी आपला काही हिशोब नसतो. जुनी भांडणं नाहीत, औषधाच्या वेळा चुकल्याची टोचणी नाही, बघणारे पाहुणे नाहीत. म्हणून ते रडू सोपं जातं. त्याला खोटं समजू नका आणि गेलेल्या माणसाशी तोलूही नका. मात्र दोन गोष्टी सांभाळा. असे काही व्हिडिओ चक्क बनवलेले असतात. प्राणी मुद्दाम संकटात टाकून मग वाचवतात. जनावर पडायच्या आधीपासूनच कॅमेरा सज्ज दिसला, की पुढे सरका. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर व्हिडिओत वेळ घालवू नका. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

ताईंना मी दोनच कामं दिली. रविवारी लेकीकडून डोक्याला तेल लावून घ्यायचं, स्वतः मागून. आपल्याकडच्या बायांना हे मागणंच सगळ्यात जड जातं. ("तिला अभ्यास असतो हो!" वगैरे झालंच.) आणि उन्हाळा पंचेचाळीस अंशांकडे सरकत होता, म्हणून अंगणात सावलीला पसरट भांड्यात पाणी ठेवायचं, लहान पाखरं बुडू नयेत म्हणून आत दोन-तीन दगड टाकून.

तेलाच्या पहिल्याच रविवारी आईसाठी रडू आलं. लेक घाबरली, पण हात थांबवला नाही तिने.

शेवटच्या भेटीत ताईंनी पुन्हा मोबाइल पुढे केला. मी मनाशी म्हटलं, आलं परत कुत्रं. फोटोत भांड्याच्या काठावर एक साळुंकी होती, चोच ओली.

"हिला कोणी वाचवलं-बिचवलं नाही हं, मॅडम," त्या म्हणाल्या. "नुसती पाणी प्यायला आली." आणि यावलची एसटी चुकेल म्हणून लगबगीने उठल्या.