काठावरच्या सरड्यांचे मूळ शोधताना

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरची, गळ्याला पंखा असलेल्या सरड्यांची एकाकी वसाहत मूळची तिथलीच की कुठून आलेली, हे केवळ त्या वसाहतीचे नमुने घेऊन कळणार नाही. ते जिथून येऊ शकले असते त्या सर्व भागांतील सरड्यांशी तुलना करावी लागते आणि माझ्या मते बहुतेक कामे इथेच लंगडी पडतात.

जनुकीय विविधता कमी आढळली म्हणून ते बाहेरून आणलेले, असे लगेच ठरवू नका. मोजक्या पूर्वजांपासून नुकतीच वाढलेली वसाहत आणि हजारो वर्षे एकटी पडलेली छोटी वसाहत, दोन्ही या बाबतीत सारख्याच गरीब दिसू शकतात. फरक कळतो तो अन्यत्र न सापडणाऱ्या जनुकीय रूपांवरून; ती सहसा दीर्घकाळ एकट्या राहिलेल्या वसाहतीत साठतात. युरोपातील ‘कॉमन वॉल लिझर्ड’ या सरड्याची इंग्लंडमधील वस्ती इटली आणि फ्रान्समधून माणसाने आणलेल्या प्राण्यांची निघाली, तर त्याच्या वावरक्षेत्राच्या उत्तर काठावरच्या जर्सी बेटावरची वस्ती मूळची ठरली, हे अशाच तुलनेतून समजले.

मायटोकॉन्ड्रियातील (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागातील) डीएनए फक्त आईकडून येतो आणि वंशाची एकच बाजू सांगतो, म्हणून पेशीकेंद्रातील डीएनएही तपासा.

नमुन्यासाठी शेपटीचे टोक मात्र कापू नका. गळ्याला पंखा असलेल्या सरड्याची शेपटी पालीसारखी सहज परत वाढत नाही, आणि त्या इवल्या जिवाला तिचा तोल सांभाळायला उपयोग होतो. वनविभागाची लेखी परवानगी हाती आल्यावरच सरडा अलगद धरून त्याच्या तोंडात निर्जंतुक स्वॅब फिरवा, जिथे धरला तिथेच त्याला सोडा आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश तिथेच वहीत उतरवा.