खवले किडीवर पोट भरतं का?

प्रश्न : माझी मुलगी दापोलीला बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस्सी.ला कीटकशास्त्र घेऊन तिला 'वॅक्स स्केल' नावाच्या किडीचं वर्गीकरण आणि ती कोणकोणत्या झाडांवर येते याचा अभ्यास करायचा आहे. तिच्या बाबांचा आग्रह एमपीएससीचा. या किडीवर पोट भरतं का? – एक आई, रत्नागिरी

ताई, नमस्कार.

एकट्या या किडीवर नाही भरत. पण कीड ओळखणारी माणसं देशात फार थोडी आहेत आणि त्यांची गरज मोठी आहे, म्हणून मी मुलीच्या बाजूने आहे.

आंब्याच्या, पेरूच्या पानांवर मेणबत्तीचे थेंब गोठल्यासारखे पांढरे किंवा गुलाबी ठिपके दिसतात, तीच ही मेणकीड, खवले किडींपैकी एक. मेणाखालची मादी रस शोषते आणि चिकट गोड द्रव सोडते. त्यावर काळी बुरशी वाढते आणि पानं काजळतात. शास्त्रात हिची प्रजाती सेरोप्लास्टिस. तिच्यात जगभर शंभराहून अधिक जाती. त्यातली एक, सेरोप्लास्टिस सेरिफेरस, आपल्याकडचीच. मद्रासमध्ये डॉ. जेम्स अँडरसन यांनी हिचं मेण गोळा केलं होतं आणि १७९४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं रासायनिक परीक्षण छापून आलं. म्हणजे विषय नवखा नाही.

अवघड आहे ते ओळखणं. मेण वयाप्रमाणे बदलतं, पावसाने झिजतं, त्यामुळे वरून पाहून जात ठरवणं धोक्याचं. मादी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करायची, आतला ऐवज आणि मेण काढून टाकायचं, उरलेलं पातळ कातडं रंगवून काचपट्टीवर कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकाखाली बसवायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली श्वासरंध्रांजवळचे काटे, छिद्रं, गुदपट्टिका पाहत बसायचं. एकेका नमुन्याला दिवस जातात. मुलीला हे काम नुसतं आवडतं की त्यात ती तासन् तास रमते, हे तुम्ही घरच्यांनीच पाहायला हवं. माझ्या मते निर्णय बराचसा यावरच आहे.

याचा उपयोग काय, असं तिचे बाबा विचारतील. जपानमध्ये संत्रावर्गीय झाडांवर आणि पर्सिमॉन या फळझाडावर लाल मेणाची जात, सेरोप्लास्टिस रुबेन्स, फार त्रास देत होती. १९४६ मध्ये क्युशू बेटावर कीटकशास्त्रज्ञ यासुमात्सु यांना तिच्यावर जगणारी एक बारीकशी परजीवी गांधीलमाशी सापडली. ती आधी माहीत असलेल्या माशीसारखीच दिसे, पण ती जुनी माशी वेगळ्याच मेणकिडीवर वाढायची. दोन्ही निराळ्या आहेत हे ठरून १९५४ साली नवीला अ‍ॅनिसेटस बेनेफिकस हे नाव मिळालं. तिने जपानच्या बागा सावरल्या आणि पुढे १९७७ मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडलाही नेली गेली. कीड कोणती, माशी कोणती, यातलं एक नाव जरी चुकलं असतं तरी चुकीची माशी सोडली गेली असती. आपल्याकडचंच पाहायचं तर पपईवरचा पिठ्या ढेकूण. २००८ साली कोइमतूरला तो दिसला, मूळ मेक्सिकोकडचा पॅराकोकस मार्जिनाटस म्हणून ओळखला गेला, आणि म्हणूनच २०१० मध्ये त्याचे नेमके शत्रू बाहेरून आणून सोडता आले.

झाडांच्या बाजूकडे मुलगी कदाचित कमी लक्ष देईल, तिथे तिला टोका. नमुन्यावर झाडाचं नाव चुकलं तर खाद्यवनस्पतींची सगळी यादी वाया. प्रत्येक किडीसोबत त्या फांदीचा हर्बेरियम नमुना, म्हणजे दाबून वाळवलेला नमुना, ठेवायचा, शक्यतो फुला-फळासकट. यजमान झाडाने केवढा फरक पडतो ते लाखेच्या किड्यात दिसतं. हा किडा मेणकिडीचा लांबचा नातलग. त्याचा रंगीनी प्रकार पळस-बोरीवर वाढतो, कुसुमी प्रकार कोशिंबावर, आणि दोघांच्या पिकांचे हंगाम वेगळे.

आता नोकऱ्या. निव्वळ वर्गीकरणाच्या जागा मोजक्याच निघतात, हे लपवत नाही. बंगळूरची एनबीएआयआर ही कीटकांवरची राष्ट्रीय संस्था, दिल्लीची पुसा कृषी संशोधन संस्था, झूलॉजिकल सर्व्हे (त्याचं पुण्यातही केंद्र आहे), कृषी विद्यापीठांतली प्राध्यापकी, बंदरं-विमानतळांवरची वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) केंद्रं. परदेशातून आलेल्या कलमावर कोणती खवले कीड आहे हे त्या केंद्रात कुणीतरी सांगावंच लागतं. म्हणून पदवी 'कृषी कीटकशास्त्र' याच नावाने घ्यावी, प्रबंध मात्र खवले किडीवर करावा, आणि एम.एस्सी. होताच नेट द्यावी. पीएच.डी.ची तयारी नसेल तर हा रस्ता अर्धवट राहील, हे तिला आजच सांगा.

बाबांची काळजीही रास्त आहे. पण एमपीएससीची कृषी सेवा आणि बँकांतली कृषी अधिकारीपदं यांना तिची बी.एस्सी. पुरते, त्यामुळे एम.एस्सी.ने ती दारं बंद होत नाहीत. बँकेला वयाची अट ३० वर्षांची आहे, तेवढी लक्षात ठेवा.

विद्यापीठापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. अर्ज भरण्याआधी तिने त्यांना भेटून विचारावं : तुमच्याकडे खवले किडीच्या काचपट्ट्यांचा संग्रह आहे का, आणि माझे नमुने तपासून घ्यायला बंगळूर किंवा दिल्लीला जाऊ द्याल का? दोन्हींना नकार आला तर दुसरे मार्गदर्शक शोधावेत.