मागचा मडगार्ड काढू का?

प्रश्न: दादा, मी डिचोलीचा, रोज बाईकने म्हापशाला कामाला जातो. गाडीचा मागचा मडगार्ड शेपटीसारखा लोंबतो, दिसायला एकदम बेकार. मित्रांनी काढून टाकलेत, छोटी ब्रॅकेट मारून नंबरप्लेट वर सीटखाली घेतलीय, गाडी मस्त स्पोर्टी दिसते. गॅरेजवाला म्हणतो अर्ध्या तासाचं काम आहे. मागे कधी आई बसते कधी बायको. काढू का? आणि पोलिस पकडतात का?

उत्तर: काढू नकोस बाबा. पावसाळ्यात तर हातच लावू नकोस, आणि पावसाळा गेल्यावरही सगळा नको.

तुझा तो अस्नोड्यावरून जाणारा रस्ता, जूनपासून सप्टेंबरपर्यंत कडेची तांबडी माती वाहून रस्त्यावर येते, वर ट्रकांच्या चाकांना लागून आलेला चिखल वेगळाच, आणि मागचा टायर ते सगळं उचलून वर फेकतो. मडगार्ड नसला की तो फवारा कोणाच्या अंगावर जातो? तुझ्या नाही, तुला पत्ताही लागत नाही, मागे बसलेल्या आईच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत तांबडा पट्टा उठतो आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या हेल्मेटच्या काचेवर एका क्षणात इतका चिखल बसतो की त्याला पुढचं काही दिसत नाही. हे मला सगळ्यात जास्त लागतं, शौक आपला आणि धोका दुसऱ्याला. आपल्याकडचे पायलट, म्हणजे बाईक-टॅक्सीवाले बघ ना, पिवळा मडगार्डवाले, दिवसभर पॅसेंजर मागे बसवून फिरतात, त्यांच्यात मागचा मडगार्ड काढलेली गाडी मी तरी पाहिलेली नाही.

आता गाडीचं बघ. मागच्या मडगार्डचे बहुतेक गाड्यांत दोन भाग असतात, एक बाहेर लोंबणारा आणि एक सीटच्या आत चाकाच्या वर. हा आतला कधीच काढायचा नाही, कारण बऱ्याच गाड्यांत त्याच्या वरच बॅटरी, फ्यूज, वायरिंगची जोडणी असते. तो काढून पावसात चालवलेल्या गाडीची सीट उघडून बघ कधीतरी, कनेक्टरच्या पिनांमध्ये बारीक तांबडा गाळ घुसलेला असतो, वाळला की कडक होतो आणि मग कधी इंडिकेटर बंद कधी स्टार्टर बंद, मेकॅनिक पण डोकं धरून बसतो. मोनोशॉक, म्हणजे मागे मधोमध एकच शॉकअब्सॉर्बर असेल तर त्याच्यावरही सगळा मारा.

मित्रांपैकी कोणी साडीगार्ड पण काढला असेल तर त्यांना लगेच परत लावायला सांग. 1989 च्या मोटार वाहन नियमांतच आहे, मागे माणूस बसणाऱ्या बाईकला मागचं चाक निदान अर्धं तरी झाकणारं संरक्षण पाहिजे, बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आईची साडी, बायकोची ओढणी, त्याच्यासाठीच तो नियम आहे.

पोलिसांचं म्हणशील तर हो, पकडू शकतात. प्लेट वर वळवून आडवी केली, नंबर वाचता येत नाही, प्लेटवरची लाईट गेली, लाल रिफ्लेक्टर गेला, एवढं पुरेसं आहे. नियमात न बसणारा बदल मालकाने केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात एकेका बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं आहे. शिवाय हायसिक्युरिटी प्लेटचं लॉक एकदा बसलं की उघडत नाही, तोडावंच लागतं, नंतर नवीन लॉक बसवून घेण्याची धावपळ तुझीच.

तरीही मन ऐकत नसेल तर ऑक्टोबरनंतर फक्त बाहेरचा लोंबणारा भाग बोल्ट खोलून काढ, करवत अजिबात लावू देऊ नकोस, काढलेला घरी जपून ठेव म्हणजे मे महिन्यात परत लावता येईल. नवीन ब्रॅकेटला प्लेटची लाईट आणि रिफ्लेक्टर आहे ना ते आधी बघ, नंबर सरळ मागून वाचता आला पाहिजे, आणि गाडीवर दोघांना बसवून सीट जोरात दाब, टायर आणि प्लेटमध्ये चार बोटं तरी जागा राहिली पाहिजे, नाहीतर पहिल्या स्पीडब्रेकरला टायर प्लेटला घासणार. इंडिकेटर एलईडी लावलेस आणि ते भराभर लुकलुकायला लागले तर घाबरू नकोस, लोड कमी झाला म्हणून तसं होतं, एलईडीवाला फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा पार्ट) बसवून घे.

प्रश्न: वास्कोत राहतो, जुनी बाईक आहे, लोखंडी मडगार्ड आतून गंजतोय. काढून प्लास्टिकचा लावू?

उत्तर: भोकं पडली नसतील तर नको. समुद्राची हवा आहेच, पण खरा गंज आत चिकटून राहिलेल्या ओल्या मातीखाली धरतो, विशेष करून मडगार्ड धरणाऱ्या दांडीचे बोल्ट असतात तिथे. चाक काढून आतून वायरब्रश मार, सगळं सुटं झालेलं खरवड, रेड ऑक्साईड प्रायमर, मग काळा पेंट दोन हात. पावसात दर आठवड्याला पाईपने आतून धू, बाहेरून चकचकीत केलीस तरी आतली माती तशीच राहते.