मळीपासून लॅक्टिक आम्ल: कामाला लागण्याआधी

प्रिय मित्रा,

मळीपासून लॅक्टिक आम्ल करायचं ठरवलंच आहेस, तर दह्याचं विरजण आधी डोक्यातून काढ. त्यातला बल्गेरिकस हा जिवाणू दुधातल्या साखरेवर जगतो, उसाची साखर त्याला सहसा पचत नाही. तुला डेलब्रुकी या त्याच्याच भाऊबंद जिवाणूचा उसाच्या साखरेवर वाढणारा वाण लागेल. लॅक्टिक आम्ल एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या डी आणि एल अशा दोन प्रकारांत येतं. त्याचं आम्ल डी प्रकारचं असतं आणि बायोप्लास्टिकवाले बहुधा एल मागतात. तेव्हा आधी गिऱ्हाईक, मग जिवाणू.

पहिली चाचणी दहा लिटरचीच घे. साखर ८ टक्के, म्हणजे ४८ टक्के साखरेची मळी १.७ किलोच्या आसपास. यीस्टचा अर्क ५० ग्रॅम. १२१ अंशांवर २० मिनिटं निर्जंतुक कर, ४५ अंशांवर आलं की अर्धा लिटर ताजं कल्चर (वाढवलेल्या जिवाणूंचं विरजण) घाल. आत हवा सोडायची नाही. एवढ्या तापमानामुळे सोलापूरच्या मे महिन्यातही थंड करायला फारसं पाणी लागत नाही, ही आपली जमेची बाजू.

खरी मेख आहे कॅल्शियम कार्बोनेटमध्ये, म्हणजे तयार होणारं आम्ल मारणाऱ्या चुनखडीच्या पुडीत. पीएच ५.५च्या खाली गेला की तयार झालेलं आम्लच जिवाणूचा गळा धरतं. ८०० ग्रॅम साखरेला हिशेबाने ४४५ ग्रॅम पूड लागते, ५०० घे. पीएच घसरल्यावर घाबरून एकदम ओतलीस तर फेस झाकण उचलून बाहेर येईल. तळाशी बसलेली पूडही बिनकामाची, म्हणून हळू पण अखंड ढवळ.

रोज वास घे. व्हिनेगरसारखा आला तर परका जिवाणू शिरलाय. खवट लोण्यासारखा आला तर निर्जंतुकीकरण कच्चं राहिलं, बीजाणू वाचले. साखर शिल्लक असून आम्ल अचानक थांबलं तर फाजचा (जिवाणू मारणाऱ्या विषाणूचा) संशय धर आणि वाण बदल.

४८ ते ७२ तासांत साखर संपते. मग टाकी रात्रभर तशीच सोडू नकोस. निवली की कॅल्शियम लॅक्टेटचे (आम्ल आणि पूड मिळून झालेल्या क्षाराचे) खडे होऊन पाइप तुंबतात. चुन्याने पीएच १०वर ने, ८० अंशांवर तापवून गरमच गाळ. पुढे सल्फ्युरिक आम्ल थोडं थोडं घाल, सगळं मिळून ४०० ग्रॅमच्या आत. त्याने लॅक्टिक आम्ल मोकळं होतं आणि कॅल्शियम जिप्सम होऊन तळाशी बसतं. सल्फ्युरिक जास्त झालं का हे बेरियम क्लोराईडचे थेंब टाकून तपास. किंचित गढूळपणा येतोच, कारण जिप्सम थोडा विरघळतो. दाट पांढरा साका आला तर मात्र सल्फ्युरिक जास्त झालंय, आटवताना माल काळा पडणार.

एक टन आम्लामागे जवळपास तेवढाच जिप्सम निघतो, तोही मळीच्या रंगाचा. तो कोण उचलणार आणि वाहतूक किती, हे टाकीची ऑर्डर देण्याआधी विचारून घे.

तुझा हितचिंतक