संध्याकाळी उंची कमी का भरते?

प्रश्न : माझा 20 वर्षांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत आहे. सकाळी उठल्याबरोबर भिंतीला टेकवून मोजली तेव्हा त्याची उंची 168.2 सेंटीमीटर भरली. त्याच दिवशी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळांची पोती उतरवून तो परतला, तेव्हा ती 167 झाली होती. ‘ओझ्याने कणा दबला, आता माझ्यासारखाच मणक्यांत गॅप येणार,’ असे त्याची आजी म्हणते. यात काही तथ्य आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : कणा दबला हे आजींचे म्हणणे खरे आहे, मात्र तो प्रत्येकाचा रोजच दबतो आणि रात्री पूर्ववत होतो.

जन्मतः कण्यात साधारणपणे 33 मणके असतात. मानेचे 7, छातीमागचे 12 आणि कमरेचे 5 मणके आयुष्यभर सुटे राहतात. त्याखालचे 5 जुळून त्रिकास्थी बनते आणि शेवटच्या चारांचे माकडहाड होते. आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र या हाडांत नसून त्यांच्यामधल्या 23 चकत्यांत आहे. बोलण्यात आपण त्यांना ‘गादी’ म्हणतो, आणि तो शब्द मला शास्त्रीय नावापेक्षा अधिक नेमका वाटतो. चकतीच्या बाहेर चिवट तंतूंची एकावर एक कडी असतात आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो. तरुणपणी या गराचा सुमारे 80 टक्के भाग पाणीच असतो. उभे राहिल्यावर, बसल्यावर किंवा ओझे उचलल्यावर शरीराचा भार पडून त्यातले थोडे पाणी बाहेर झिरपते, प्रत्येक चकती किंचित चपटी होते, आणि 23 चकत्यांची ही किंचित घट मिळून दिवसाअखेर उंची एक-दीड सेंटीमीटरने कमी होऊ शकते. यातील बरीचशी घट उठल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांतच होते. रात्री आडवे झाल्यावर भार उतरतो व चकती पाणी पुन्हा शोषून घेते. प्रौढ माणसाच्या चकतीच्या आतील भागात रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिचे पोषणही असेच आजूबाजूने झिरपून होते, तेव्हा हा दाब आणि ही विश्रांती दोन्ही तिला हवीच असतात. गुरुत्वाकर्षणाचा भार नसलेल्या अवकाशवीरांची उंची तर काही सेंटीमीटरने वाढते, आणि पृथ्वीवर परतल्यावर ती पुन्हा पहिल्यासारखी होते.

तेव्हा आपल्या मुलाचा कणा बिघडलेला नाही. मोजणीच्या दिवशी त्याने सकाळी ओझी उचलू नयेत आणि जमल्यास मोजणीपूर्वी थोडा वेळ आडवे पडावे, म्हणजे काही मिलिमीटर तरी परत मिळतील. याहून अधिकाची हमी कुणी देत असेल, तर त्याला पैसे देऊ नयेत. पोती उतरवताना कमरेत न वाकता गुडघे वाकवावेत आणि पोते अंगालगत धरावे.

आता ‘गॅप’विषयी. हा शब्द फसवा आहे, कारण क्ष-किरण चित्रात अशा वेळी दोन मणक्यांमधली जागा वाढलेली नसून उलट कमी झालेली दिसते. वयानुसार चकतीची पाणी धरून ठेवण्याची शक्ती घटते, आणि तेवढ्यावरून वेदना होतेच असे नाही. मला काळजी वाटते ती नातवाची नव्हे, आजींची. तरुणपणच्या उंचीपेक्षा त्यांची उंची 4 सेंटीमीटर किंवा अधिक कमी झाली असेल किंवा पाठीला बाक आला असेल, तर हाडे ठिसूळ होऊन एखादा मणका नकळत चेपला गेल्याची शक्यता असते. त्यांच्या हाडांची घनता एकदा तपासून घ्यावी.